उरलेल्या दारूवरचा छंद

शीर्षकाचा खुलासा आधीच करतो, नाहीतर निम्मे वाचक भलत्या आशेने पुढे येतील. ही दारू बाटलीतली नव्हे, काडतुसातली. मराठीने दोन्हींना एकच नाव ठेवलंय आणि दोन्ही महागल्या की माणसं सारखीच कुरकुरतात. त्यापलीकडे दोघींचा संबंध नाही. उलट दोघी एका खोलीत येता कामा नयेत, हा आमच्या क्लबचा पहिला नियम आहे.

मी ओहायोत राहतो. रविवारी सकाळी रायफल क्लबात जातो, शंभर आणि दोनशे यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडतो आणि हिवाळ्याच्या रात्री तळघरात बसून पुढच्या मोसमाची काडतुसं हाताने भरतो. शिकार करत नाही. कमरेला पिस्तूल लावून बाजारातही जात नाही. तरी मंडळाच्या गणेशोत्सवात या छंदाचा विषय निघाला की समोरचा माणूस मोदकाची ताटली सांभाळत हळूच दुसऱ्या घोळक्यात सरकतो. त्याला मी दोष देत नाही. पण गेली चार-पाच वर्षं आमच्या क्लबात जी एकच एक चर्चा चालू आहे, तिचे धागे विदर्भातल्या सरकीपर्यंत आणि भंडाऱ्यापर्यंत जातात, म्हणून ती मराठीत मांडावीशी वाटली.

काडतूस भरणं म्हणजे काय, हे मला अमेरिकेत कोणी नव्याने शिकवावं लागलं नाही. माझा मामा सावंतवाडीच्या बाजूला राहायचा. भातात डुक्कर शिरतं म्हणून त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत वरून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. केपी तो काडेपेटीत ठेवायचा आणि रोज मोजायचा. ‘बार फुकट जावचो नाय,’ हे त्याचं एकच सूत्र.

आधुनिक काडतुसात हेच सगळं एका पितळी पुंगळीत बंद केलेलं असतं. तळाशी प्रायमर, म्हणजे मामाची केप. दिवाळीतल्या खेळण्यातल्या बंदुकीची टिकली आठवा, तिची जास्त शिकलेली बहीण. तिच्यावर पावडर, आणि तोंडाशी शिशाची किंवा तांब्याचं आवरण चढवलेली गोळी. बार झाला की गोळी जाते, पावडर जळते, प्रायमर फुटून संपतो. पुंगळी तेवढी उरते. ती धुऊन, पुन्हा मापात आणून, बाकी तीन वस्तू नव्याने भरल्या की काडतूस तयार. अमेरिकेत हा लाखो लोकांचा छंद आहे. काही अचूकतेसाठी भरतात, काही हात रिकामे बसत नाहीत म्हणून, आणि बहुतेक जण ‘स्वस्त पडतं’ असं बायकोला सांगून.

ते स्वस्त पडणं आता संपलं. २०१९ मध्ये हजार प्रायमर साधारण तीस डॉलरला मिळायचे, नगाला तीन सेंट. २०२१ मध्ये तेच हजार लोक एकमेकांना दीडशे-दोनशे डॉलरना विकत होते. आता दुकानात सत्तर ते नव्वदच्या मध्ये कुठेतरी स्थिरावलेत. पौंडभर पावडर पंचवीस-तीस डॉलरची होती. ती आता पंचेचाळीसच्या खाली क्वचित दिसते आणि काही नावांची साठाला टेकली आहे. घरपोच मागवायची तर ज्वालाग्राही मालाचं वेगळं शुल्क प्रत्येक खोक्यामागे पडतं. ते चुकवायचं म्हणून माणूस लागते त्याच्या चौपट मागवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पौंडात ७००० ग्रेन असतात. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाला एका काडतुसामागे साडेचार-पाच ग्रेन लागतात, म्हणजे पौंडात चौदा-पंधराशे काडतुसं निघतात. पॉइंट ३०८ च्या (म्हणजे तेवढ्या इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलीला चाळीस-बेचाळीस लागतात; पौंडात जेमतेम १७०. आता पिस्तुलाचा हिशेब मांडू. प्रायमर आठ सेंट, पावडर साडेतीन, गोळी दहा-अकरा. पुंगळी नेमबाजीच्या रेंजवर वाकून उचललेली, म्हणून फुकट. कंबरदुखी धरत नाही. झाले बावीस सेंट. आणि हेच काडतूस कारखान्यात भरलेलं, चकचकीत डब्यात, दुकानात बावीस ते पंचवीस सेंटना मिळतं. म्हणजे रात्रभर प्रेसचा, काडतूस भरायच्या हातयंत्राचा, दांडा ओढून मी शंभर काडतुसांमागे एक-दोन डॉलर कमावतो. रायफलीत अजून धुगधुगी आहे: स्पर्धेच्या दर्जाचं तयार काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं, तळघरात भरलेलं एक डॉलरच्या आसपास. तेवढ्यावर आम्ही तग धरून आहोत.

कारखान्याचा माल कच्च्या मालाच्या बेरजेइतका स्वस्त कसा, हे आमच्याकडच्या निम्म्या लोकांना कळलेलं नाही. उत्तर साधं आहे. प्रायमर बनवणाऱ्या कंपन्याच काडतुसंही बनवतात. प्रायमर आधी त्यांच्या स्वतःच्या काडतुसांत बसतात, मग लष्कर आणि पोलिसांच्या मागणीत, आणि पंगती उठल्यावर तपेल्याच्या तळाला जे राहतं ते डब्यात भरून आमच्याकडे येतं. आम्ही गिऱ्हाईक आहोत हे खरं, पण शेवटच्या पंगतीचे.

क्लबात या महागाईचे तीन आरोपी ठरलेले आहेत. एक म्हणजे कंपन्या, कारण त्या लुटतात. दुसरं सरकार, वॉशिंग्टनमध्ये कोणीही बसलेलं असो, ते गुपचूप काहीतरी करतंय. तिसरं युक्रेन. कॉफीच्या तिसऱ्या कपापर्यंत तिन्ही खटले निकाली निघतात आणि निकाल नेहमी एकच असतो: आमचा हक्क मारला गेला. माझं भांडण या ‘हक्क’ शब्दाशी आहे.

या छंदाची जन्मकथा आमच्यातल्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे, पण तिचा अर्थ कोणी लावत नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी लष्कराकडे न वापरलेल्या पावडरीचे डोंगर पडून होते. कॅन्ससचे ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून त्यातली ५०,००० पौंड पावडर विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून रेल्वेचा जुना डबा आणून एका भाड्याच्या कुरणात उभा केला. त्या डब्यातून १५० पौंडांचं पिंप तीस डॉलरला विकलं जायचं. पौंडाला वीस सेंट. आजच्या पैशात तीनेक डॉलर. तळघरात काडतुसं भरणाऱ्यांचा एवढा मोठा वर्ग पुढे उभा राहिला, त्याच्या बुडाशी ही स्वस्त पावडर होती. गोळ्यांचंही तेच. टायरवाल्याकडची टाकाऊ शिशाची वजनं, मोडीत निघालेल्या छपाईच्या लायनोटाइप यंत्रांची धातूची पट्टी, हे वितळवून लोक घरी गोळ्या ओतायचे. आपल्याकडे खिळ्यांचे छापखाने बंद पडले तेव्हा खिळे भंगारात गेले. इथे ते नेमबाजांनी उचलले, कारण छपाईच्या शिशात अँटिमनी नावाचा धातू असतो आणि त्याने गोळी टणक होते.

म्हणजे आमचा छंद मुळात युद्धाच्या आणि कारखान्यांच्या उरल्यासुरल्यावर वाढला. स्वस्ताई ही बाजाराची नैसर्गिक स्थिती नव्हती. कोणीतरी फार शिजवून ठेवलं होतं आणि जेवणारे उठून गेले होते. आता पंगत पुन्हा बसली आहे.

ती किती मोठी बसली आहे याचा अंदाज एका आकड्याने येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली तेव्हा अमेरिका महिन्याला १५५ मिलिमीटरचे साधारण १४,००० तोफगोळे बनवत होती. मग लक्ष्य ठेवलं महिन्याला १,००,००० चं. असा एक गोळा लांब पल्ल्यावर फेकायला दहा किलोच्या आसपास पावडर लागते. दहा किलो म्हणजे बावीस पौंड, आणि बावीस पौंडांत माझी पॉइंट ३०८ ची साडेतीन हजारांहून जास्त काडतुसं भरून होतात. मी वर्षाला हजार-बाराशे झाडतो. एका तोफेच्या एका धडाक्यात माझी तीन वर्षं जातात. तोफेची पावडर आणि माझी पावडर एकच नाही, कृती वेगळी, दाण्याचा आकार वेगळा. पण दोन्हींच्या पोटात नायट्रोसेल्युलोज आहे आणि ते बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत. युरोपीय संघाने दारूगोळ्याचं उत्पादन वाढवायला ५० कोटी युरो काढले, तेव्हा त्यातला बहुतांश पैसा पावडर आणि स्फोटकांकडे वळवला. अडतंय कुठे हे त्यांना कळलं होतं.

आमच्या दुकानातल्या फळीवर पावडरीची चाळीसेक नावं दिसतात, त्यामुळे बाजार मोठा असल्याचा भास होतो. पण हॉजडनच्या डब्यातली पावडर हॉजडन बनवत नाही. गोल दाण्याची पावडर फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सच्या कारखान्यातून येते, लांबट दाण्याची काही ऑस्ट्रेलियातल्या मुलवालातून, काही क्वेबेकमधल्या व्हॅलिफील्डमधून. आणि या सगळ्या ठिकाणी लष्कर हे पहिलं गिऱ्हाईक. २०२३ च्या अखेरीस व्हिस्टा आउटडोअर या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना पत्र लिहून कळवलं की जगभर पावडरीचा तुटवडा पडायची चिन्हं आहेत आणि १ जानेवारी २०२४ पासून भाव वाढतील. क्लबात ते पत्र ‘लुटीचा पुरावा’ म्हणून फिरलं. मी वाचलं तेव्हा मला त्यात बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा खरं बोललेलं दिसलं.

आता सरकी. कापसाचं बोंड वेचून जिनिंगमध्ये रुई वेगळी काढली की सरकी उरते आणि तिच्या अंगावर आखूड लव असते. तिला लिंटर म्हणतात. ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून तिचंच नायट्रोसेल्युलोज होतं. ज्यांचं बालपण यवतमाळ-अमरावतीकडे गेलंय त्यांना सरकी म्हणजे तेल आणि म्हशीची पेंड. आपल्याकडे बरीचशी सरकी लव न काढताच गाळली जाते. युरोपची गरज मात्र चीन भागवतो. जर्मनीच्या ऱ्हाइनमेटालचे प्रमुख आर्मिन पापरगर यांनी २०२४ मध्ये सांगितलं की युरोप सत्तर टक्क्यांहून जास्त लिंटर चीनकडून घेतो. तोफेचा गडगडाट सरकीच्या लवेवर उभा आहे आणि ती लव प्रतिस्पर्ध्याच्या कोठारात आहे, हे वाचल्यावर मी दोन दिवस क्लबातल्या प्रत्येकाला धरून सांगत होतो. कोणाला फारसं नवल वाटलं नाही. कापूस ही त्यांच्यासाठी टी-शर्टची गोष्ट आहे.

मग ‘कारखाने वाढवा ना’ हे ओघाने येतंच. हे वाक्य बोलणाऱ्याने एकदा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा विचार करावा. तिथल्या आयुध निर्माणीत पावडर बनते. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिथे स्फोट झाला, इमारत कोसळली आणि किमान आठ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला इथे टेनेसीत स्फोटकांच्या कारखान्यात सोळा माणसं गेली. ओळख पटवायलाही अवशेषांच्या तपासण्या कराव्या लागल्या. हा धंदा बिस्किटांचा नाही, की मागणी वाढली आणि भट्टी आणखी एक लावली. प्रत्येक इमारत दुसरीपासून लांब, मध्ये मातीचे बांध, कामगार कमीत कमी, वेग बेताचा. प्रायमरचं मिश्रण तर ओलं असतानाच हाताळतात, कारण वाळलं की ते धक्क्यालाही उडतं. माझ्या आठ सेंटांत या सावधगिरीची किंमत आहे. तीन सेंटांत ती पुरेशी होती का, असा प्रश्न मला हल्ली पडतो.

आणि समजा कंपनीने धीर करून नवी शाखा उघडली, तरी तिचा इतिहास तिला घाबरवतो. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हुकच्या शाळेत मुलं मारली गेली, बंदुकांवर निर्बंध येणार अशी हवा झाली आणि लोकांनी दुकानं साफ केली. पॉइंट २२ ची साधी काडतुसंसुद्धा पुढे बरेच महिने धड मिळत नव्हती. मग ट्रम्प निवडून आले, भीती ओसरली, विक्री आपटली. रेमिंग्टनसारखी दोनशे वर्षं जुनी कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. दर चार वर्षांनी ज्याचं गिऱ्हाईक पिसाळतं आणि मधल्या काळात झोपतं, तो कारखानदार वीस वर्षांची गुंतवणूक कशाच्या भरवशावर करेल?

इथवर मी कंपन्यांचा वकील वाटत असेन. तर आता त्यांच्याकडे वळतो, कारण एक तक्रार खरी आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही. अमेरिकेत प्रायमरची मोठी नावं चार: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. पहिली दोन आधीच व्हिस्टाच्या छताखाली होती. रेमिंग्टनचा दारूगोळ्याचा धंदा दिवाळखोरीत निघाला तेव्हा तोही २०२० मध्ये त्याच व्हिस्टाने उचलला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टाचा हा सगळा विभाग सव्वादोन अब्ज डॉलरना चेक प्रजासत्ताकातल्या चेकोस्लोव्हाक ग्रुप या शस्त्रास्त्र कंपनीला, म्हणजे सीएसजीला, विकला गेला. इटलीची काडतुसं बनवणारी फिओकी, जिने २०२२ मध्ये अर्कान्सामध्ये प्रायमरचा कारखाना काढणार असं जाहीर केलं होतं, तीही सीएसजीचीच. चारांतली तीन नावं आणि येऊ घातलेलं पाचवं एका घरात. ते घर युक्रेनला तोफगोळे पुरवणाऱ्यांत अग्रभागी आहे.

हा सौदा होताना अमेरिकेत आरडाओरडा झाला, नाही असं नाही. काही सिनेटरांनी विचारलं की परदेशी मालक चालेल का, पोलिसांचा पुरवठा अडला तर काय. राष्ट्रीय सुरक्षेची तपासणी झाली आणि जून २०२४ मध्ये हिरवा कंदील मिळाला. मालक कुठल्या देशाचा, यावर एवढा खल. मालक किती उरले, यावर मात्र आमच्याही मंडळींनी तोंड उघडलं नाही. बंदुकीच्या हक्काची जी मोठी संघटित चळवळ इथे आहे, तिला सरकारी नियम दिसतो आणि मक्तेदारी दिसत नाही. सरकारने प्रायमरवर एक सेंट कर लावला असता तर क्लबासमोर झेंडे लागले असते. बाजाराने पाच सेंट वाढवले तर ‘काय करणार, मागणी आहे.’ मला हा दुटप्पीपणा वाटतो. मला चेक मालकाचं वावडं नाही. पण एका धंद्यातली चारांतली तीन नावं एका हाती जातात तेव्हा तो हात अमेरिकी असला काय, चेक असला काय, स्पर्धा-कायद्याच्या नजरेने त्याकडे बघणं हे सरकारचं काम आहे. आमच्या लोकांनी खासदाराला पत्र लिहायचंच तर या विषयावर लिहावं.

धातूंचं थोडक्यात. अँटिमनी प्रायमरच्या मिश्रणातही लागतो, सल्फाइडच्या रूपात. आपल्या आज्या ज्याला सुरमा म्हणत तोच. जगातला निम्म्याच्या आसपास अँटिमनी चीनच्या खाणींतून निघतो. चीनने सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीला परवान्याचं कुलूप लावलं आणि ३ डिसेंबरला अमेरिकेला विकणं बंदच करून टाकलं. ती बंदी पुढे वर्षभराने स्थगित झाली, पण तोवर २०२४ या एका वर्षात भाव तिपटीहून वर गेला होता. तांब्याचं दुखणं निराळं. ऑगस्ट २०२५ पासून तांब्याच्या अर्धवट तयार मालावर ५० टक्के आयातशुल्क आहे आणि ते परक्या शत्रूने लादलेलं नाही. आमच्या क्लबातल्या बहुसंख्यांनी ज्याला मत दिलं त्यानेच लादलंय. हा मुद्दा मी क्लबात काढत नाही. रेंजवर सगळ्यांच्या हातात बंदुका असतात.

तर भाव का वाढले याची ही उत्तरं: युद्ध, मोजके कारखाने, त्याहून मोजके मालक, आणि चीनच्या हातातल्या किल्ल्या. पण भाव वाढणं वेगळं आणि फळी रिकामी होणं वेगळं. फळी आम्ही रिकामी केली.

२०२० च्या उन्हाळ्यात मी स्वतः पहाटे साडेपाचला दुकानासमोर रांगेत उभा होतो. माणशी एक डबा, असा नियम होता. मी मुलाला उठवून नेलं, त्याचाही एक. घरी माझ्याकडे तेव्हा सात हजार प्रायमर होते, म्हणजे माझ्या वेगाने सहा वर्षांची बेगमी. मला ते नको होते. पण रांग दिसली की पाय आपोआप थांबतात, हे आपल्या पिढीला रॉकेलने शिकवलंय. क्लबातल्या एका गृहस्थाच्या तळघरात मी पन्नास हजार पाहिले, कपाटात, वर्षानुसार लावलेले. इथले अग्निसुरक्षेचे प्रचलित निकष घरात दहा हजार प्रायमर आणि मूळ डब्यांतली वीस पौंड पावडर, इतकीच मर्यादा सांगतात. त्याहून जास्त पावडर ठेवायची तर इंचभर जाड लाकडाची पेटी हवी आणि तीतही पन्नास पौंडांपर्यंतच. आग लागली तर जो अग्निशामक जवान जिना उतरून खाली जाईल, त्याला हा साठा माहीत नसतो. वर सांगितलेलं ज्वालाग्राही मालाचं शुल्क यातच भर घालतं. एक डबा मागवा किंवा दहा, शुल्क खोक्याला तेवढंच. म्हणजे साठेबाजाला दर नगामागे सवलत आणि नवख्या पोराला दंड.

त्या गृहस्थाने २०२१ मध्ये आपले काही डबे चौपट भावाने विकले. कंपन्या लुटतात हे वाक्य आमच्या क्लबात सर्वांत मोठ्याने तोच म्हणतो.

काही वाचक एव्हाना म्हणत असतील, महागतंय तर बरंच आहे, गोळ्या महागल्या की माणसं कमी मरतील. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने सेहेचाळीस हजारांहून जास्त लोक मेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. पण ज्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला संपवायचं आहे त्याला एक गोळी पुरते. ती बावीस सेंटची आहे की दोन डॉलरची, याने त्याचा हात थांबत नाही. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के जादा कर बसवला. त्या पैशातून हिंसा रोखण्याचं काम होत असेल तर मला त्या कराबद्दल तक्रार नाही. पण किंमत वाढवून खून कमी होतील ही आशा चुकीच्या दारावर टकटक करते. किंमत वर्षाला दहा हजार झाडणाऱ्याला लागते, एक झाडणाऱ्याला नाही. बंदूक कोणाच्या हाती जाते याची तपासणी कडक करा, घरात कुलूप सक्तीचं करा, मी तुमच्या बाजूने सही करीन. क्लबातले लोक माझ्याशी त्यावरून भांडतातच.

आणि आपल्या लोकांशी तुलना केली की आमची रड जरा ओशाळते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तेही ५० मीटरवरच. त्या रायफलीचं काडतूस पॉइंट २२ रिमफायर. त्यात प्रायमर वेगळा नसतो, मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं, आणि एकदा चेपलं की पुंगळी भंगार. पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. आमच्यासारखं तळघरात बसून दोन पैसे वाचवायची वाटच तिथे नाही. परदेशी काडतूस जे पडेल त्या भावाने घ्यायचं आणि रोज झाडायचं. कोल्हापूरच्या त्या पोरांनी हा खर्च सोसून पदकं आणली. आम्ही कागदाला भोकं पाडून सरकारला शिव्या घालतो.

गेल्या हिवाळ्यात क्लबात एक नवा मुलगा आला, कॉलेजात शिकणारा, आजोबांची रायफल घेऊन. प्रेस होती, पुंगळ्या होत्या, पावडर पौंडभर होती. हवे त्या मापाचे प्रायमर जवळच्या दुकानात नव्हते. माझ्या फळीवर २०१८ ची एक पेटी होती, वर स्टिकर २९ डॉलर ९९ सेंटचा. भाव काय लावायचा, यावर क्लबात अर्धा तास वाद झाला. स्टिकरचा लावला तर मी मूर्ख, कारण नवी घ्यायला मला पंच्याऐंशी पडतील. आजचा लावला तर मी तो पन्नास हजारवाला. कोणी म्हणालं, मधला धरा.

मला मामा आठवला. डुकरांच्या दिवसांत शेजारचा माणूस संध्याकाळी यायचा आणि तीन केपी मागून न्यायचा, जशी शेजारीण वाटीभर साखर नेते. कायद्यात बसतं का, हे मामाला विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. तो पैसे घ्यायचा नाही. काडेपेटीच्या झाकणावर तीन रेघा मारायचा, आणि शेजारी सावंतवाडीच्या बाजाराला जाऊन आला की तीन केपी परत यायच्या. भाव मध्ये किती का बदलेना.

मी पेटी त्या मुलाला दिली आणि क्लबाच्या पाटीवर खडूने त्याच्या नावापुढे एक रेघ मारली. मे महिन्यात त्याने पेटी परत आणली, दुसऱ्या कंपनीची, स्टिकर ८४ डॉलर ९९ सेंट. रेघ पुसली. आता पाटीवर अकरा रेघा आहेत, त्यांतल्या दोन माझ्या नावापुढे. पन्नास हजारवाल्याने अजून एकही डबा काढलेला नाही, पण परवा तो बराच वेळ पाटीसमोर उभा होता आणि जाताना त्याने विचारलं, ‘पावडर चालते का यात?’